सामान बघायला येणारा माणूस

पार्ल्यात सध्या ओळखीचं कुणी भेटलं की तब्येतीची चौकशी नंतर होते. आधी प्रश्न येतो, "तुमची बिल्डिंग कधी जातेय?" साठच्या-सत्तरच्या दशकातल्या तीन-चार मजली सोसायट्या एकामागोमाग रिडेव्हलपमेंटला निघाल्यात. एका गल्लीत पत्र्याचं कुंपण, पुढच्या गल्लीत हिरवी जाळी, त्याच्या पुढच्या गल्लीत काँक्रीटचा फिरता ड्रम अडकून पडलेला आणि मागे रिक्षांचे हॉर्न. करार वाचून वाचून लोक अर्धे वकील झालेत. कार्पेट एरिया, कॉर्पस, पार्किंग, बँक गॅरंटी यांच्यावर वर्षानुवर्षं सभा गाजतात. त्याच करारात भाड्याच्या आणि दलालीच्या आकड्यांखाली 'शिफ्टिंग चार्जेस' अशी एक ओळ असते. तिच्यावर कुणी हात वर करून प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही. टेम्पो बोलवायचा, त्यात काय एवढं!

आईच्या सोसायटीत घरं रिकामी करायची तारीख ठरली, तेव्हा हे 'त्यात काय एवढं' माझ्याकडे आलं. पार्ल्यात भाड्याचं घर मिळेना, कारण शेजारच्या सगळ्या बिल्डिंगांतली माणसंही तीच घरं शोधत होती आणि मालकांनी भाडी चढवली होती. शेवटी मुलुंड पूर्वेला जमलं. आई त्या घरात लग्न होऊन आलेली. माळ्यावर काय काय आहे ते तिलाही माहीत नव्हतं, आणि जे माहीत होतं ते टाकायची तिची तयारी नव्हती.

अख्खी सोसायटी एकदम हलते तेव्हा माणसं निवड कशी करतात ते फुकट बघायला मिळतं. तळमजल्यावरच्या काकांनी वॉचमनच्या गावच्या टेम्पोवाल्याला सांगून टाकलं. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलानं ॲपवर तारे मोजले. एका काकूंनी व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं आणि त्यांना अकरा जणांनी अकरा नंबर पाठवले. त्यातल्या निम्म्यांनी स्वतः तो नंबर कधी वापरला नव्हता. "चांगला आहे म्हणतात," एवढंच. मुंबईत डॉक्टर, शिंपी, क्लासवाला आपण चार ठिकाणी चौकशी करून निवडतो. ज्याच्या हाती अख्खं घर द्यायचं, तो मात्र ज्याचा फोन आधी लागेल तो. गंमतच आहे.

मीही एका साइटवर नाव-नंबर टाकून बघितला. चहा गाळून होईपर्यंत फोन सुरू झाले. या साइट्सचा धंदाच तो असतो. तुमची चौकशी एकाला नाही, अनेकांना विकली जाते, आणि जो आधी फोन करेल त्याचं गिऱ्हाईक. सगळ्यांचे प्रश्न सारखेच. कुठून कुठे, किती बीएचके, कधी. तिसऱ्या उत्तरानंतर भाव. कुणी 8,500 म्हणालं, कुणी 11,000. मी म्हटलं, कपाट लोखंडी आहे, लिफ्ट लहान आहे. "हो जाएगा मॅडम." देव्हारा सागवानी आहे, वरचा कळस निघत नाही. "हो जाएगा." माळा भरलेला आहे. "सब हो जाएगा, आप बस एक हजार टोकन भेज दीजिए."

एकानं भावात 'नाका चार्ज' जोडला होता. आता पार्ल्याहून मुलुंडला जाताना नाका लागतोच कुठे? जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडनं पवईवरून उतरायचं, मुलुंडचा टोल नाका त्याच्याही पुढे, ठाण्याच्या तोंडाशी. आणि जकात म्हणत असेल तर मुंबईची जकात 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हाच गेली. दुसऱ्यानं 'ई-वे बिलाचे', म्हणजे माल नेताना लागणाऱ्या ऑनलाइन कागदाचे, पैसे सांगितले. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागतच नाही, तशी सूट नियमांतच आहे. पैसे फार नव्हते, पाचशे-सातशेचा मामला. पण जो फोनवरच न लागणाऱ्या गोष्टीचे पैसे मागतो, त्याच्या टेम्पोत आपलं सामान चढल्यावर तो आणखी काय काय मागेल, याचा अंदाज करायला फार हुशारी लागत नाही.

मग एका मैत्रिणीनं दिलेल्या नंबरवर फोन केला. तिनं स्वतः त्या माणसाकडून घर हलवलं होतं आणि, तिच्याच शब्दांत, "फार पिरपिर करतो, पण सामान पोचवतो." त्यानं भाव सांगायलाच नकार दिला. "बघितल्याशिवाय कसं सांगू ताई? उद्या सकाळी येतो."

चप्पल दाराबाहेर काढून तो आत आला तेव्हा आईनं साडी बदललेली होती आणि पोह्यांची तयारी ओट्यावर होती. शेजारच्या काकू दारातून डोकावून म्हणाल्या, "काय गं, बघायला आलेत वाटतं?" खरंच तसंच होतं. फक्त इथे पसंती आमची की त्याची, ते तोवर ठरलेलं नव्हतं.

तो मूळचा पाटणकडचा, आता घाटकोपरला राहणारा, पन्नाशीचा माणूस. खिशातून मेजरिंग टेप काढली आणि सामानाकडे न बघता आधी लिफ्टचं दार मोजलं. मग जिन्याचं वळण. मग खाली जाऊन गेटपासून जिन्यापर्यंतचं अंतर पावलांनी मोजून आला. "नव्या बिल्डिंगला लिफ्ट सामानाला देतात का? वेळ किती ते किती? रविवारी चालतं का? गाडी आत घेतात की रस्त्यावर?" यातलं काही मला माहीत नव्हतं. त्यानं मला तिथूनच मुलुंडच्या सोसायटीच्या ऑफिसला फोन लावायला लावला. कळलं ते असं: सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, रविवारी बंद, शिफ्टिंगचे पैसे आधी भरायचे, आणि लिफ्टला आतून पुठ्ठा लावल्याशिवाय सामान चढवायचं नाही. त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

मग तो घरात शिरला. बेडरूममधलं मोठं कपाट त्यानं मागून बोटानं ठोकून बघितलं, दाराची बिजागरी हलवून बघितली. "हे पार्टिकल बोर्डचं आहे ताई, प्लाय नाही. एकदा खोललं की त्याच भोकांत स्क्रू परत धरत नाहीत. मी खोलून नेईन, जोडून पण देईन, पण पूर्वीसारखं घट्ट होणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो." लोखंडी कपाटाकडे बघून आईला म्हणाला, "आई, हे पुरं रिकामं करा. लॉकरची किल्ली माझ्या माणसांकडं द्यायची नाही, मागितली तरी नाही." सोनं, कागदपत्रं, रोकड आमच्या गाडीत चालणार नाही. भरलेला गॅस सिलिंडर चालणार नाही. कुंड्या नेऊ, पण जगतील याची हमी नाही. लोणच्याच्या बरण्यांपाशी तो थांबला. "बरणी फुटंल-न फुटंल, पण तेल झिरपलं तर गादी गेली. या तुम्ही रिक्षातनं न्या."

आईला तो पहिल्या भेटीत अजिबात आवडला नाही. "सगळ्याला नाहीच म्हणतोय," ती नंतर म्हणाली. मला मात्र नेमकं त्याच कारणानं वाटलं की हाच. फोनवरच्या कुणालाही आमच्या घरात अडचण दिसली नव्हती, कारण त्यांनी घर बघितलंच नव्हतं. त्यांचा भाव ही किंमत नव्हतीच, आमिष होतं. खरी किंमत सामान गाडीत चढल्यावर ठरणार होती, जेव्हा आपल्याला घासाघीस करायला जागाच उरत नाही. अडचणी आधी सांगणारा माणूस महाग वाटतो, कारण त्यानं त्या हिशेबात धरलेल्या असतात. त्याचा भाव 19,000 आला. पहिल्या फोनच्या दुपटीहून जास्त.

गाडीबद्दलही त्याचं असंच. मी म्हटलं, चौदा फुटी एकच बोलवा, एका खेपेत जाईल. तो म्हणाला, "चौदा फुटी तुमच्या गल्लीत वळणार नाही. दोन्ही बाजूला गाड्या, त्यात त्यो मिक्सर. मेन रोडवर लावायची म्हणजे सामान शंभर पावलं हातावर. त्यापेक्षा टाटाची 407 आणि मागं एक छोटा हत्ती." मुंबईत टाटा एसला छोटा हत्ती कोण म्हणायला लागलं कुणास ठाऊक, पण 2005 साली ती गाडी आल्यापासून वन-रूम-किचनचे संसार तिच्याच पाठीवरून गेलेत. पाऊण टनाच्या आसपास वजन पेलते आणि जिथे 407 शिरत नाही तिथे शिरते.

आता कागदांबद्दल. हा भाग रटाळ आहे, पण खरी मेख इथेच आहे.

त्याच्या अंदाजपत्रकावर जीएसटी क्रमांक होता. तो सरकारी पोर्टलवर टाकला की धंद्याचं नाव, पत्ता, नोंदणी चालू आहे की रद्द, सगळं फुकट दिसतं. पंधरा अक्षरांचा हा क्रमांक थोडा वाचताही येतो. महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात 27 नं. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. क्रमांकाच्या सहाव्या जागी 'सी' असेल तर ती कंपनी, 'एफ' असेल तर भागीदारी, 'पी' असेल तर एका माणसाच्या नावावरचा धंदा. एका माणसाचा धंदा असण्यात वावगं काहीच नाही. आमचा माणूसही 'पी'च होता. पण लेटरहेडवर 'प्रायव्हेट लिमिटेड' आणि सहाव्या जागी 'पी', असं आलं की तिथून उठावं. असं एक अंदाजपत्रक मला ईमेलवर आलंही होतं, वर सोनेरी लोगो आणि खाली तीन-चार आयएसओचे शिक्के. शिवाय सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सहसा सक्तीची नसते. मग अशा छोट्या माणसानं बिलात 18 टक्के कर लावायचाही नसतो. नोंदणी नाही आणि कर मात्र आहे, ही जादू अनेक बिलांत दिसते.

आणखी एक शिक्का फार चालतो, 'आयबीए ॲप्रूव्हड'. माझे वडील बँकेत होते, त्यामुळे तो मला लहानपणापासून माहीत. इंडियन बँक्स असोसिएशन वाहतूकदारांची एक शिफारस-यादी ठेवते आणि बदलीची बिलं मंजूर करताना बँका ती बघतात. यादी तपासता येते, आणि शिफारशीला मुदत असते, तीही बघायची. कार्डावर छापायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही, छापखान्याचे पैसे दिले की झालं. बाबांच्या बदल्यांच्या वेळी 'पॅकर्स' हा शब्द घरात नव्हता. ट्रकवाला यायचा, काचेची भांडी गोधड्यांत आणि भाताच्या पेंढ्यात गुंडाळली जायची, आणि बाबा स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून जायचे. विमा म्हणजे बाबाच.

आता विमा वेगळा विकला जातो. अंदाजपत्रकात सामानाच्या किमतीच्या काही टक्के 'ट्रान्झिट इन्शुरन्स' म्हणून जोडलेले असतात. विचारायचा प्रश्न एकच: पॉलिसी कुठल्या विमा कंपनीची आणि तिचा कागद माझ्या नावानं मिळेल का? विमा देण्याचा परवाना विमा कंपनीकडे असतो, सामान हलवणाऱ्याकडे नाही. कागद मिळत नसेल तर तो विमा नव्हे, तोंडी दिलासा. आमच्या माणसानं सरळ सांगितलं, "गावातल्या गावात मी विमा घेत नाही. मोडलं तर माझ्या बिलातनं कापून घ्या. मोठी किमती वस्तू असंल तर तुमची तुम्ही पॉलिसी काढा." आणि जेवढं बोलला तेवढं लिहून दिलं.

शहराबाहेर जायचं असेल तर प्रकरण आणखी गंभीर. माझा मावसभाऊ बंगळूरला गेला तेव्हाची गोष्ट. फोनवर ठरलेली स्वतंत्र गाडी निघाल्यावर भिवंडीच्या गोदामात थांबली, सामान उतरलं, आणि दुसऱ्या दिवशी फोन आला की वजन जास्त भरलंय, वीस हजार आणखी द्या. भिवंडीत गोदामांचा समुद्र आहे. आपलं सामान नेमकं कुठल्या गाळ्यात आहे ते शोधायचं कसं? त्याच्याकडे कागद म्हणून व्हॉट्सॲपवरचा एक फोटो होता, त्यावर ना गाडी नंबर, ना सामानाची यादी. त्यानं पैसे भरले. घरात तान्हं मूल होतं, सगळ्यांचे कपडे त्या गाडीत होते. भांडणार कधी?

म्हणून बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची पावती. ट्रान्सपोर्टवाले एलआर म्हणतात. मालवाहतुकीचा 1865 सालचा इंग्रजी अमदानीतला कायदा जाऊन 2007 चा कॅरेज बाय रोड कायदा आला आणि 1 मार्च 2011 पासून लागू झाला. रस्त्यानं सगळ्यांचा माल भाड्यानं नेणाऱ्याला त्याखाली नोंदणी करावी लागते. माल घेताना पावती द्यावी लागते. आपणही मालाचं वर्णन आणि किंमत लिहून द्यायची असते, आणि इथे एक बारीक काटा आहे. जास्तीची जोखीम वेगळी लिहून, तिचा दर भरून घेतली नसेल, तर नुकसानीची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच, आणि तीही आपण जाहीर केलेल्या किमतीच्या वर नाही. आता दहापट कशाची? भाड्याची. बिलात पॅकिंग, चढवणं-उतरवणं, साहित्य, मजूर असं सगळं वेगळं दाखवून भाडं म्हणून फक्त 6,000 लिहिलं असेल, तर तुमचा पाच लाखांचा संसार 60,000 वर येऊन बसू शकतो. ज्यांनी कपाटाची किंमत लाजून कमी लिहिली, त्यांचं तर विचारूच नका. आणि नुकसान झालंच तर बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. फोनवरचं "बघतो, करतो, साहेबांशी बोलतो" यात ते दिवस आरामात निघून जातात, आणि बऱ्याचदा ते त्याचसाठी असतं.

ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे, आणि 2019 च्या कायद्यानं ते जवळही आणलंय. आता आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस दिल्लीत असलं तरी. त्याआधी 1915 या हेल्पलाइनवर फोन करून बघता येतो. भावाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आता मिळालं ना सामान, जाऊ दे." मुंबईकर माणूस 'जाऊ दे' म्हणतो तेव्हा त्यानं वेळेचा हिशेब केलेला असतो. त्याला दोष देत नाही, पण या धंद्यातल्या लबाडीचं भांडवल हेच 'जाऊ दे' आहे.

आणि माणसं. सगळ्यात शेवटी आपण ज्यांच्याबद्दल विचारतो, किंवा विचारतच नाही, ती माणसं. सामान कंपनी उचलत नाही, पाठी उचलतात. मी आमच्या पाटणच्या माणसाला विचारलं, "माणसं तुमची की नाक्यावरची?" त्याला प्रश्न आवडला असावा. चार त्याची, कायमची, महिन्याच्या पगारावर. दोन हंगामात लागतील तशी. "पण नाक्यावरच्याला काचेचं कपाट देत नाही मी, त्याला गाद्या."

त्याच्या वडिलांनी मशीद बंदरला ओझी वाहिली होती. पाटण, जावळी, कोरेगाव या भागांतून आलेल्या माणसांनी या शहराचा धान्य, मसाला, कापूस, लोखंड असा सगळा बाजार डोक्यावरून वाहिला, आणि अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं म्हणून 1969 साली माथाडी कायदा आला. भविष्य निर्वाह निधी, रजेचा पगार, दवाखाना, हे डोक्यावर गोणी वाहणाऱ्या माणसाला मिळू शकतं ही तेव्हा देशातही नवी गोष्ट होती. आज सोसायट्यांच्या दारात बबल रॅप घेऊन उभी असलेली बहुतेक पोरं बिहार-झारखंड-ओडिशाची, आणि त्यांच्यामागे माथाडी मंडळासारखं कुठलं मंडळ उभं असलेलं दिसत नाही. आपण घासाघीस करून जे दोन हजार कमी करतो, ते मालक आपल्या खिशातून देत नाही. सहाऐवजी चार माणसं पाठवतो. मग चौघांनी चार मजले लोखंडी कपाट उतरवायचं, आणि भिंतीला कोपरा लागला की आपण त्यांच्यावरच ओरडायचं. काही सोसायट्यांत सामानाला लिफ्ट मिळते आणि ते उचलणाऱ्याला जिन्यानं यायला सांगतात. माझ्यासमोर घडलंय हे. त्यावर काय बोलायचं?

उतरवण्याच्या जागी आणखी एक प्रकार भेटू शकतो, वाराईचा. गाडी लागली की अनोळखी चार जण येतात, 'इथलं काम आमचं' म्हणतात, आणि हात न लावता पैसे मागतात. नोंदणीकृत माथाडी कामगारांच्या नावाला याच लोकांनी बट्टा लावला. आमच्या माणसानं पाहणीच्या दिवशीच विचारून ठेवलं होतं, "तिकडं वाराईवाले येतात का? सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा." येत नव्हते. पण हा प्रश्न विचारणारा तो एकटाच.

हलायचा दिवस मधल्या आठवड्यातला आणि महिन्याच्या मध्यावरचा घेतला, त्याच्याच सांगण्यावरून. महिनाअखेरीला अकरा महिन्यांचे करार संपतात, मे महिन्यात शाळा बदलणारे हलतात, दसऱ्याला मुहूर्तवाले. त्या दिवसांत भावही चढे आणि माणसंही थकलेली. पितृपक्षात मात्र गिऱ्हाईक शोधून सापडत नाही, आणि ज्यांना त्याचं काही वाटत नाही त्यांचं फावतं. आईला मी तेही सुचवून बघितलं होतं. तिनं फक्त बघितलं माझ्याकडे.

फ्रिज आदल्या रात्रीच बंद करून पुसून ठेवला होता. तो त्यांनी उभाच नेला, आणि मुलुंडला पोचल्यावर चार-पाच तास चालू करायचा नाही म्हणून प्लगला टेप गुंडाळून टाकली. वॉशिंग मशीनपाशी त्यांतल्या एकानं विचारलं, "इसके बोल्ट हैं क्या? ड्रम लॉक करने के?" मशीन घेतलं तेव्हा मेकॅनिकनं मागून काढून दिलेले बोल्ट. कोण ठेवतं ते? आई उठली, ओट्याखालून श्रीखंडाचा एक जुना प्लास्टिकचा डबा काढला आणि त्यातून चारही बोल्ट काढून त्याच्या हातावर ठेवले. आयुष्यभर काही न टाकल्याचं सार्थक झालेल्या चेहऱ्यानं ती माझ्याकडे बघत होती. पुढचे आठ दिवस मला कुठलंही भंगार टाकायला सांगायची सोय उरली नाही.

प्रत्येक खोक्यावर नंबर, आणि वहीत नंबरापुढे आतल्या वस्तू. आधीपासून मोडकं काय आहे तेही: 'शिलाई मशीनचा डावा पाय हलता', 'टेबलाची काच, कोपऱ्यात चीर'. तो ओरखडा आमचाच आहे की त्यांचा, यावर संध्याकाळी थकलेल्या माणसांची जी भांडणं होतात, ती या चार ओळींमुळे झालीच नाहीत. देव आईनं स्वतःच्या मांडीवर घेतले, मीठ-तांदळाचा डबा आणि बरण्या माझ्या पायाशी, आणि रिक्षा पवईच्या चढावर गुरगुरत निघाली. 407 आमच्या आधी पोचली होती. लिफ्टला पुठ्ठा लागलेला होता. पाचला दहा मिनिटं असताना शेवटची गादी वर आली.

एक आरसा तडकला होता. कपाटाच्या दारातला, लांबोळका. त्यानंच दाखवला, आम्ही बघायच्या आधी. "काचवाल्याचं बिल आलं की पाठवा," म्हणाला, आणि उरलेल्या रकमेतून हजार रुपये ठेवून घ्यायला लावले. पार्टिकल बोर्डचं कपाट जोडलं, आणि त्यानं सांगितल्याप्रमाणे ते थोडं डुगडुगतंय.

आईनं दूध उतू घातलं, सगळ्यांना चहा दिला. सकाळपासून ती त्याला नावानं हाक मारायला लागली होती. रिकामे खोके गोळा करणाऱ्या पोरांना थांबवून ती त्याला म्हणाली, "बिल्डरनं तीन वर्षं सांगितलीत. परत जाताना तुम्हालाच बोलावणार बरं का."

त्यानं कपातला चहा संपवला, खोक्यांकडे बघितलं.

"तीन म्हणाला का? मग पाच धरा, आई," तो म्हणाला. "खोके ठेवू नका. झुरळं होतील."